तुरटी फिरवलेला हौद

आमच्या नांदेडच्या घरामागे सिमेंटचा एक हौद होता. घर बांधताना पाण्यासाठी केलेला, कमरेइतका उंच. पुढे नळाला बऱ्यापैकी पाणी यायला लागलं तसा तो रिकामा पडला, आणि आई त्यात फुटक्या बादल्या आणि जुन्या कूलरचं गवत टाकायला लागली. त्याच हौदात नंतर सोनेरी मासे आले. त्या वर्षी आमच्या घरात जी काही हालचाल होती, ती बहुतेक त्या हौदातच होती. हे वाक्य लिहिताना मला जरा मोठं वाटतंय, पण खोडावंसंही वाटत नाही.

बाबा ट्रक चालवायचे. गाडी मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका शेठची. हदगावकडून सोयाबीन भरायचं आणि लातूरच्या मिलला उतरवायचं, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं काम. एका हंगामात, लातूरच्या रस्त्यावर, एका गावाच्या शिवारात एक म्हातारी त्यांच्या गाडीला लागून पडली. डोक्यावर गवताचा भारा होता, त्यामुळे तिला मान वळवता आली नसणार. गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथल्याच लोकांनी पोलिसांना सांगितलं की गाडी हळू होती, म्हातारी एकदम मधे आली. बाबांनी तिला स्वतः उचलून केबिनमध्ये निजवलं आणि दवाखान्यात नेलं. तिथे पोहोचेपर्यंत ती गेली होती. तिचा मुलगा मागून आला. बाबांचा हात धरून म्हणाला, "तुमची चूक न्हाई." आईला आणि मला एवढंच माहीत होतं, आणि आम्हाला वाटायचं की माहीत असण्यासारखं एवढंच आहे.

बाबा घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून बाजेवर पडले. ते रडले नाहीत, दारू प्यायले नाहीत, कुणावर ओरडले नाहीत. जेवायला हाक मारली की उठायचे, पुढ्यात येईल ते खायचे, परत पडायचे. आईच्या भाकरी थापण्याचा आवाज आमच्या गल्लीत पार कोपऱ्यापर्यंत जायचा. त्या दिवसांत ती भाकरी इतकी हळू थापायला लागली की मी बाहेरच्या खोलीत बसलेली असूनही तवा तापल्याचं मला कळायचं नाही. टीव्हीवर तिने ओढणी टाकून ठेवली होती. अंबाडीची भाजी, वरण, हिरव्या मिरचीचा ठेचा, सगळं रोजच्यासारखंच व्हायचं, पण कशालाही चव लागत नसे, आणि मीठ कमी आहे का जास्त हे कुणी बोलून दाखवत नसे. दिवसातून एकदा आई बाजेजवळ उभी राहून म्हणायची, "तुमी काय मुद्दाम केलं का?"  ती उत्तराची वाट पाहायची नाही. तुळईवरची धूळ झाडावी तसं ते वाक्य ती बोलून टाकायची आणि कामाला लागायची.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरात, आईच्या किंवा बाबांच्या बाजूला, कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. त्यामुळे मी कॉलेजात सगळ्यात मागच्या बाकावर बसायचे, आणि हजेरीला "येस मॅडम" म्हणतानासुद्धा आधी मनात एकदा म्हणून बघायचे. बाबांचं जे झालं त्यानंतरही मी रोज जात राहिले. वह्या पूर्ण केल्या, प्रॅक्टिकलला झुरळ कापलं, मैत्रिणींबरोबर पोहे खाल्ले. मला वाईट वाटत होतं असं खरंतर म्हणता येत नाही. पायाला मुंग्या आल्यावर आपण उभे तर राहतो, पण जमीन लागत नाही, तसं काहीतरी होतं. आणि ते किती दिवस चालणार हे विचारायची पद्धत आमच्या घरात नव्हती.

शेठचा फोन अधूनमधून यायचा. बाबा फोन कानाला लावायचे आणि पलीकडचा आवाज आम्हालाही ऐकू यायचा. "दामू, गाडी हुबीच हाय बरं का. दुसऱ्याच्या हातात द्यायला जीव व्हत न्हाई माझा. कवा येतोस?" बाबा म्हणायचे, "हाव." म्हणजे हो, पण हो म्हणजे कधी ते शेठलाही कळायचं नाही. आई मला मोरीपाशी गाठून हळू विचारायची, "मित्रा, तुझ्या पुस्तकात असं काही दिलेलं असतं का गं? मानूस असा बसून ऱ्हाईला तर काय करायचं?" माझं नाव संघमित्रा. मी म्हणायचे, "आमच्याकडे प्राणीशास्त्र आहे, आई." ती मान हलवायची, जणू ते तिला पटलं.

मासे आले ते शेजारच्या सरांमुळे. त्यांची लातूरला बदली झाली. सामान टेम्पोत चढवताना त्यांच्या दिवाणखान्यातली काचेची पेटी तडकली. ते घाईघाईने बादली घेऊन आमच्या मागच्या दाराशी आले. बादलीत नारिंगी रंगाचे मासे एकमेकांवर आपटत होते. "दामूभाऊ, तुमचा हौद रिकामाच हाय ना? चार दिवस ऱ्हाऊ द्या ह्यांना. नळाचं पाणी एकदम टाकू नका बरं, औषधाचा वास जाऊ द्या आधी." आई म्हणाली, अहो आमच्याकडं कोण बघणार ह्यांच्याकडं? तेवढ्यात आतून बाबा आले. हाक न मारता ते उठून आले, असं त्या महिन्यांत पहिल्यांदाच झालं. त्यांनी बादलीत वाकून पाहिलं आणि हौदातल्या फुटक्या बादल्या बाहेर काढायला सुरुवात केली. सर परत कधी आले नाहीत, आणि आम्हीही त्यांना फोन केला नाही.

त्या हौदाची व्यवस्था बाबांनी कशी लावली, ते मला अजून पायरीपायरीने सांगता येतं. नळाला पाणी आलं की ते एका निळ्या ड्रममध्ये भरून उघडं ठेवायचे, उन्हात. वास उडाला की त्यातलं थोडंसं हौदात, आणि तेवढंच जुनं पाणी काढून आईच्या कढीपत्त्याला. सगळं पाणी एकदम कधीच बदलायचं नाही, हे त्यांना कुणी सांगितलं ते मला माहीत नाही. बहुतेक एकदा करून पाहिलं असावं आणि मासे घाबरल्याचं दिसलं असावं. उन्हाळा लागला तसं पाणी हिरवं व्हायला लागलं. आधी फिकट, मग मेथी उकडलेल्या पाण्यासारखं. नांदेडचं ऊन तुम्हाला माहीत असेल तर बाकी सांगायला नको. हौदाच्या निम्म्या भागावर त्यांनी हिरवी जाळी बांधली, गोदावरीच्या काठावरून जलपर्णीची चार रोपं आणून सोडली, आणि ती पसरायला लागली की दर आठवड्याला निम्मी उपटून फेकायला लागले. जुन्या कूलरचा पंप काढून हौदात बुडवला. वर एक बादली टांगली, तिच्या बुडाला भोकं पाडली. आत खडी, कोळसा आणि गादीतला फोम घातला. पंप पाणी वर चढवायचा आणि ते बादलीतून गाळून परत हौदात पडायचं. तो पडण्याचा आवाज दिवसरात्र आमच्या घरात असायचा. त्या वेळी घरात दुसरा आवाज फारसा नव्हता म्हणून असेल, मला तो अजून ऐकू येतो.

"पाणी साफ कवा होईल?" त्यांनी एकदा मला विचारलं. मी चपापले. मला कुणी माझ्या शिक्षणातलं विचारावं, तेही बाबांनी, याची सवय नव्हती. आमच्या मॅडमना विचारायला मला बरेच दिवस धीर झाला नाही. शेवटी तास संपल्यावर मी त्यांच्या मागे पायऱ्यांपर्यंत गेले आणि एका दमात सगळं बोलले. त्या म्हणाल्या, खायला कमी घाला, उरलेलं खाणं सडतं. आणि भिंतीवरचं शेवाळ खरवडू नका, त्यावरचे जिवाणूच माशांची घाण पचवतात. मी घरी येऊन बाबांना सांगितलं. "पाणी हिरवं असलं तरी माशांना चालतं म्हणतात, बाबा."

"त्यांना चालतं गं," बाबा म्हणाले. "पर तळ दिसत न्हाई."

बाबांना तळ का बघायचा होता ते मी विचारलं नाही. पण रोज सकाळी ते हौदाच्या काठावर हाताची घडी ठेवून उभे राहायचे. चिमूटभर खाणं टाकायचे, मासे वर येऊन ते खायचे आणि परत हिरव्यात जायचे. उन्हाळा सरेपर्यंत पाणी हळूहळू निवळलं. तळ नाही, पण मधोमध फिरणारा मासा दिसायला लागला, कोऱ्या चहात बोट बुडवलं तर दिसेल तसा. एवढं झालं तरी बाबा हौदाबद्दल सोडून कशाबद्दल बोलत नव्हते, आणि शेठला "हाव" एवढंच सांगत होते. आईची धडपड एकच होती. हा माणूस हौदापासून रस्त्यापर्यंत परत जाईल का? तिने शेवटी रेणापूरला फोन लावला.

रेणापूरला माझी आत्या असायची. बाबांपेक्षा वयाने बरीच मोठी, त्यांची आई गेल्यावर बाबांना कडेवर वागवलेली. ती आली तशी दारातूनच बोलत आली. "सुमन, गल्लीत तुझ्या भाकरीचा आवाज न्हाई गं! मला वाटलं घर चुकले." मग बाबांना शोधत मागे गेली. "काय रे दामू, मासे पाळलास म्हनं. खायचे का बघायचे?"

"बघायचे, आक्का."

"बघून प्वाट भरतंय व्हय? आन हे पानी का गोमूत्र? दिसत तर कायीच न्हाई."

"साफ व्हतंय हळूहळू. तळ दिसंल एक दिवस."

"तळ बघायचाय तुला?" आत्या म्हणाली. बाबा हसले. म्हणजे त्यांच्या गालाजवळ काहीतरी हललं. आईने ते माझ्याकडे बघून मला दाखवलं.

पावसाळ्याचे दिवस होते. विहारात वर्षावासाचं वाचन चालू होतं. बाबा तिकडे फिरकले नव्हते. घरी आई मेणबत्ती लावून वंदना म्हणायची तेव्हा ते मागे उभे राहायचे, पण पंचशीलातली पहिली ओळ आली की त्यांचे ओठ मिटलेले असायचे. जीवहत्या करणार नाही, अशी ती ओळ. दुसऱ्या ओळीपासून ते आमच्यात मिसळायचे. मी ते कधी कुणाजवळ बोलले नव्हते. आत्याने मात्र रविवारी सकाळी पांढरा सदरा इस्त्री करून त्यांच्या बाजेवर ठेवला आणि म्हणाली, "जा. माझे गुडघे धरलेत, न्हाईतर मीच धरून नेलं असतं. मी धपाटे करते तवर." मोठ्या बहिणीला नाही म्हणणं त्यांना कधी जमलं नव्हतं. आम्ही तिघं गेलो. विहारात पुरुषांच्या रांगेतून मला बाबांचा आवाज ऐकू आला, दुसऱ्या ओळीपासून. परत येताना मात्र ते आपणहून बोलले. पंप कुरकुरतोय, म्हणाले, त्याला तेल घालावं लागंल. आई माझ्या हाताला धरून चालत होती. तिने तो हात जरा दाबला.

दारात शिरल्याबरोबर बाबा थांबले. मागून पाणी पडण्याचा आवाज येत नव्हता.

आत्या मागच्या दारात उभी होती, पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत ओले. तिच्या तोंडावर इतका आनंद होता की मला तो आठवला की अजून दुसरीकडे बघावंसं वाटतं. "ये, ये. बघ तर खरं तुझा हौद! तळातली खडी मोजून घे!"

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी यायचं, म्हणून आमच्याकडे सगळ्या घरांत तुरटीचा खडा असतो. घागर भरली की खडा हातात धरून चार वेढे द्यायचे, गाळ खाली बसतो, वरचं पाणी प्यायचं. आत्याने आयुष्यभर हेच केलं होतं, तिच्या आईनेही. तिने आमच्या घरातला सगळ्यात मोठा खडा घेतला आणि हौदात वाकून तो विरघळून जाईपर्यंत फिरवला. त्याआधी नारळाच्या काथ्याने भिंती घासल्या. पाणी हललं तर गाळ बसत नाही म्हणून पंप बंद केला. आत्या कामाला पक्की होती, एकही गोष्ट अर्धवट केली नव्हती. आणि पाणी खरंच काचेसारखं झालं होतं. चारी भिंती स्वच्छ, तळाशी पांढुरका गाळ, त्याखालची खडी, सरांच्या पेटीतून आलेला एक शिंपला, सगळं दिसत होतं. वर पाण्याच्या कडेला मासे तोंड उघडून उभे होते. दोन आडवे झाले होते.

बाबांनी क्षणभर तळाकडे पाहिलं. मग सदऱ्यासकट हौदात उतरले. पंप लावला, मासे ओंजळीने उचलून निळ्या ड्रमच्या पाण्यात सोडले. मी ड्रममधलं पाणी तांब्याने उचलून वरून ओतत राहिले, हवा मिळावी म्हणून. आता मी लातूरला मुलांना प्राणीशास्त्र शिकवते. तुरटीने पाण्यातला गाळ जसा बसतो तसा तो कल्ल्यांवरही बसतो, हे मला खडूने फळ्यावर काढून दाखवता येतं. तेव्हा मला फक्त एवढं दिसत होतं की त्यांची तोंडं उघडतायत आणि त्यांना काही मिळत नाही. दुपार कलेपर्यंत एकेक करून सगळे गेले. मला रडू आलं नाही. माझा हात दुखत होता, तेवढं कळत होतं.

आत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर रडत बसली होती. धपाटे परातीत झाकून ठेवलेले तसेच होते. "माझ्या हातानं मेले," ती म्हणत होती. "मी सांजच्या गाडीनं जाते. मला न्हाई आता हितं बसवत."

"वन्सं, जेवा आधी," आई म्हणाली. "तुमी काय मुद्दाम केलं का?"

बाबा ओल्या कपड्यांनी मोरीपाशी उभे होते. त्यांनी मान वर केली. "तिला असं म्हनू नको," ते म्हणाले.

आईने धपाट्यांची परात पुढे ओढली.

"मुद्दाम केलं न्हाई, हे तिला मालूम हाय. त्यानं काय व्हतंय?" ते येऊन आत्याच्या शेजारी, उंबऱ्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. त्यांच्या विजारीतून पाणी निथळत होतं. "आक्का. तुझ्या हातानं मेले. हाव. मेले ते मेले. आता जेव."

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिचं रडणं थांबलं. मला तेव्हा हे नवल वाटलं. सगळे ज्या वाक्याला भीत होते तेच वाक्य त्यांनी तिला सरळ दिलं होतं, आणि ते हातात आल्यावर ती शांत झाली होती. आईने ताटं वाढली. आत्याने धपाट्याचा एक तुकडा मोडला. तो तोंडात असतानाच बाबा बोलायला लागले, समोरच्या भिंतीकडे बघत, जणू आधीच कुठेतरी चालू असलेलं बोलणं आता मोठ्याने सुरू झालं.

"ती म्हातारी गाडीत जित्ती व्हती, आक्का. डोळे उघडले तिनं. मला बघून म्हनली, लेकरा, तू उचललास व्हय मला, तुझं भलं व्हो. तिला वाटलं मी कुनी वाटंचा हाय. तिला मालूम न्हवतं गाडी कुनाची. मी सांगितलं न्हाई. दवाखान्यापतोर ती मला भलं व्हो म्हनत व्हती, आन मी गाडी चालवत व्हतो."

आईच्या हातातला पळा तसाच राहिला. एवढे महिने ती त्यांना जे समजावत होती, ते भलत्याच गोष्टीबद्दल होतं.

आत्याने घास गिळला. पाणी प्यायली. "तिच्या लेकाला मालूम हाय का हे?"

"न्हाई."

"कामून?"

"काय सांगू? तुझ्या मायनं मला आशीर्वाद देला म्हनू? कुन्या तोंडानं?"

"ती मरताना बोलली, हे त्याला मालूमच न्हाई?"

बाबांनी नकारार्थी मान हलवली.

"मग ते तुझं न्हाई, दामू," आत्या म्हणाली. "त्याचं हाय. देऊन टाक. शेठला फोन लाव. मी उद्या तुझ्याच गाडीत बसून जानार, त्याचं गाव वाटंवरच हाय."

"माझ्यानं न्हाई व्हनार, आक्का."

"माझ्यानं बी जेवन व्हत न्हवतं. तू म्हनलास जेव, मी घास घेतला का न्हाई?" तिने आपलं ताट त्यांच्यापुढे सरकवलं. "आन ह्या मितरीला बी घे. दोघींना घिऊन जाताना गाडी नीट चालवशील."

मासे आईने कढीपत्त्याच्या बुडाशी पुरले. बाबांनी संध्याकाळी शेठला फोन केला. शेठ एवढा मोठ्याने "ये की!" म्हणाला की बाबांनी फोन कानापासून लांब धरला.

ट्रकच्या केबिनमध्ये मी लहानपणी बसले होते, त्यानंतर तेव्हाच. मधे मी, खिडकीशी आत्या, पाय वर घेऊन मांडी घातलेली. मागे सरकी पेंडीची पोती. बाबांनी स्टेअरिंगला हात लावण्याआधी तो विजारीला पुसला. आम्ही निघालो. ते इतके सावकाश चालवत होते की मागच्या गाड्या भोंगे वाजवत पुढे जात होत्या. आत्या प्रत्येकाला खिडकीतून शिव्या देत होती. "जा, जा, तुझ्या लग्नाला उशीर व्हईल!" रस्त्याकडेला डोक्यावर भारा घेतलेल्या बाया दिसल्या की बाबा गाडी जवळजवळ थांबवायचे आणि त्या पार बाजूला होईपर्यंत तशीच उभी ठेवायचे. तेव्हा आत्याही खिडकीतून डोकं आत घ्यायची.

ते गाव आलं. बाबांनी गाडी कडेला घेतली, बंद केली. हात परत एकदा विजारीला पुसले. मग ते उतरले, पानाच्या टपरीवर काहीतरी विचारलं, आणि आमच्याकडे न बघता गल्लीत चालायला लागले. आम्ही दोघी मागून गेलो, आत्या गुडघ्यावर हात ठेवत ठेवत.

म्हातारीचा मुलगा अंगणात म्हशीपुढे कडबा टाकत होता. बाबांच्याच वयाचा, बारीक, बनियनवर. त्याने लगेच ओळखलं. हात झटकले, आतून प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या, बायकोला पाणी आणायला सांगितलं. राग नव्हता, फार आगतस्वागतही नव्हतं. पावसाचं विचारून झालं, सोयाबीनचं विचारून झालं. बाबा तांब्या हातात धरून बसले होते, पाणी प्यायले नव्हते. आत्या म्हणाली, "सांग."

"त्या दिवशी मी एक सांगितलं न्हाई तुमाला," बाबा म्हणाले. "तुमची माय गाडीत बोलली व्हती."

तो मुलगा खुर्चीतून उठला आणि परत बसला. "माय बोलली?"

"तिला मालूम न्हवतं, मीच डायवर म्हनून. मला म्हनली, लेकरा, कोन गावचा? मी म्हनलो, नांदेडचा. म्हनली, तुझं भलं व्हो. लई बार म्हनली. मी तिला सांगाय पायजे व्हतं की मीच..."

"आनिक?" मुलगा म्हणाला. बाबांनी जे सांगायला एवढे महिने घेतले होते ते त्याने ऐकलं की नाही, कळत नव्हतं. तो पुढे वाकून बसला होता. "आनिक काय बोलली?"

बाबा गोंधळले. त्यांना वाटलं होतं सांगण्यासारखं तेवढंच आहे. ते आठवायला लागले. "आनिक... भारा रस्त्यात पडलाय म्हनली, कुनाची तरी सायकल घसरंल, बाजूला करा म्हनावं. मंग जरा निजली. मंग म्हनली, सांजच्याला घरी जायला पायजे, म्हस दुसऱ्याच्या हाताला दूध देत न्हाई."

मुलाने म्हशीकडे पाहिलं. "देत न्हाई," तो म्हणाला. "खरंच देत न्हाई. विकावी म्हनलो व्हतो." मग त्याने बनियनच्या खांद्याने तोंड पुसलं आणि दाराकडे वळून हाक मारली, "अगं ए, भाईर ये! पोरांना घे संगं. माय बोलली व्हती!"

त्याची बायको कणकेच्या हातांनी बाहेर आली. मागून दोन मुलं आली. सगळे अंगणात खाली बसले. मुलाने बाबांच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि बाजूला ठेवला.

"आता सांगा परत," तो म्हणाला. "पहिल्यापासून सांगा."

बाबांनी एकदा आत्याकडे पाहिलं, आणि पहिल्यापासून सांगायला लागले.